खंडूची शेवटची कांडी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगू का, वाचताना मनातल्या मनात लाल पेन घेऊनच बसते. कुणाला झाडाखाली बाई दिसली - चष्म्याचा नंबर तपासा. कुणाच्या घरात भांडी आपोआप पडली - उंदीर बघा. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याची मला थोडी लाजच वाटतेय. पण जे झालं ते झालं, आणि ते मी अंधारात, घाबरून, लांबून पाहिलेलं नाही. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, चारशेपट मोठं करून पाहिलंय.

आधी माझ्याबद्दल. मी वैशाली. वर्तकनगरला वाढले. बाबा सकाळी दुधाच्या पिशव्या टाकायचे आणि नंतर एका कंपनीच्या गेटवर उभे राहायचे, आई चार घरी पोळ्या करायची. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. नुसतं पूर्ण नाही, बायोटेकमध्ये एमएससी. हे मी मिरवते. मिरवण्यासारखंच आहे. रिझल्टच्या दिवशी आई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला उभी राहिली तेव्हा मी तिला म्हटलेलं, अगं, अभ्यास मी केला, क्रेडिट मोहरीला कशाला देतेस? तिला राग आला होता. असो.

नोकरी टिटवाळ्याच्या पुढे एका छोट्या प्रायव्हेट लॅबमध्ये. गाईंचं टेस्ट ट्यूब बेबी, असं सांगितलं की लोकांना कळतं. कळल्यावर चेहरे बघण्यासारखे होतात. स्थळं येतात त्यांना आई फक्त 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगते, कारण माझं नेमकं काम म्हणजे बैलाचं वीर्य फलनासाठी तयार करणं.

ते काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाईच्या अंडाशयातून सुईने बीजांडं काढतात - ते आमचे सर करतात. ती बीजांडं छोट्या प्लास्टिकच्या डिशमध्ये, गाईच्या अंगाइतक्या उबेत, एक दिवस इनक्युबेटरमध्ये पिकवायची. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. वीर्य असतं बारीक कांडीत, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेलं. कांडी चिमट्याने काढायची, कोमट पाण्यात घड्याळ लावून अर्धं मिनिट धरायची, कोरडी पुसायची, टोक कापायचं. मग दोन थरांच्या द्रावणावर अलगद सोडून मशीनमध्ये गरगर फिरवायचं. मेलेले आणि अर्धमेले शुक्राणू बरेचसे वर अडकतात, धडधाकट तळाला जातात. तेवढे धुवायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि बीजांडांच्या डिशमध्ये सोडायचे. बास. यात हात थरथरून चालत नाही आणि उशीर करून चालत नाही. पिकलेलं बीजांड काही तासच चांगलं राहतं.

आता काका. बाळाराम काका, कळव्याचे. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. मिठागरं गेली, जागेवर बिल्डिंगी आल्या, काका त्यातल्या एकीचे मालक झाले. पण बिल्डिंगच्या मागे, गाड्यांच्या शेजारी, त्यांनी गोठा ठेवला होता. त्यात एक डांगी जातीची गाय, गोदा, आणि एक डांगी बैल, खंडू. दोन्ही इगतपुरीकडून आणलेली, वेगवेगळ्या घरची. दोघं एकाच दावणीला वाढली. खंडू वारला. त्याआधी एका केंद्राने जात टिकावी म्हणून त्याचं वीर्य घेतलेलं, त्यातल्या काही कांड्या काकांना मिळाल्या होत्या. त्या गोदावर वापरून झाल्या, ती काही गाभण राहिली नाही. शेवटी एक कांडी उरली आणि गोदाचं वय झालं. तेव्हा ते आमच्याकडे आले.

काकांच्या दोन्ही मुलांना गोठ्याच्या जागी पार्किंग हवं होतं. त्यांच्यात ठरलेलं असं की गोठ्यात जनावर आहे तोवर गोठा. गोदानंतर डांबर. बाहेरून आणलेलं जनावर धरायचं नाही, हेही मुलांनी वदवून घेतलेलं. काका पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "डॉक्टर काय बोलतो मना कलत नाय. तू सांग, व्हईल का?" मी म्हटलं, प्रयत्न करू. सरांनी तपासून सांगितलेलं की या वयात गोदाला ही सुई एकदाच झेपेल. म्हणजे बीजांडं एकदाच, कांडी एकच.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. सर मुरबाडकडे दुसऱ्या फार्मवर गेलेले. लॅबमध्ये मी आणि रेश्मा. ती माझ्याच वयाची, द्रावणं बनवायचं काम तिचं, आणि जीभ कात्रीसारखी. त्या दिवशी इनक्युबेटरमध्ये दोन डिश होत्या. एक गोदाची. दुसरी एका फार्मवरच्या गीर गाईची, तिच्या बैलाच्या कांड्या आमच्याकडे ढीगभर होत्या.

माझी एक सवय होती. नाव मी डिशच्या झाकणावर लिहायचे. नियम आहे तळाला लिहायचा. पण तळाला लिहिलं की मायक्रोस्कोपखाली अक्षरं मध्ये येतात, बीजांडं नीट दिसत नाहीत. म्हणून झाकणावर. नोकरी लागल्यापासून कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशी घाईत मी दोन्ही डिश गरम प्लेटवर घेतल्या, दोन्हींची झाकणं काढली, बीजांडं बघितली... दोन्हीत सात-सात, दोन्ही छान पिकलेली. गीरची एरवी पंधरा-सोळा तरी निघतात, त्या दिवशी सातच. रेश्माने काहीतरी विचारलं म्हणून मी वळले, तिला द्रावणाची बाटली दिली, परत वळले - आणि दोन्ही झाकणं माझ्या डाव्या हातात होती.

दोन झाकणं. दोन उघड्या डिश. कुठलं कुणाचं, मला माहीत नव्हतं.

ते वाक्य मला अजून लिहवत नाही. डिशमधल्या बीजांडांत बघून फरक कळतो का? नाही. दोन्ही देशी गाई. मी पाच मिनिटं नुसती बघत होते. रेश्मा जवळ आली, तिने बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्यावरून समजा.

तुम्ही म्हणाल, दोन्ही डिशमध्ये थोडं थोडं सोडायचं. मीही तेच म्हटलं. खंडूची कांडी तेव्हा कापून, फिरवून, धुऊन तयार होती. मी मोजलं. जुनी कांडी, जिवंत फारच कमी निघाले. एका डिशला जेमतेम पुरतील एवढे. अर्धे-अर्धे केले असते तर दोन्हीकडे काहीच झालं नसतं.

सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही. सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले की दोन्ही डिश टाकून दे, दोन्ही मालकांना सांगू की बीजांडं पिकली नाहीत. असं होतंच, कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, "सर, पिकलीयत. मी बघितलीयत."

"वैशाली, चुकीच्या बैलाचं वासरू झालं तर लॅब बंद पडेल. टाक."

"खोटं मी नाही सांगणार. काकांना तर नाहीच."

"मग तू सांभाळ. रजिस्टरवर तुझी सही असेल," म्हणाले आणि ठेवला.

मग मी काकांना फोन केला. मी सरळ सांगितलं: काका, माझ्याकडून दोन डिशची झाकणं मिसळली. गोदाची बीजांडं त्या दोनातल्या एकीत आहेत. कुठल्या, मला सांगता येत नाही. मला वाटलं आता शिव्या बसणार.

मागे कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मंग आता?"

म्हटलं, तासाभरात मला एक उचलावी लागेल. नाहीतर दोन्ही टाकाव्या लागतील.

"फेकू नको. काय करशील ता कर पोरी, पन फेकू नको."

फोन ठेवला आणि मी ठरवलं, टाकणार नाही. निदान माझ्या हाताने नाही. पण मग उचलायची कुठली? चिठ्ठ्या टाकायला मी एमएससी केलेली नाही. विचार सुचेना म्हणून जे हाताला येतं ते करायला लागले - खंडूच्या शुक्राणूंचा एक थेंब नव्या स्लाइडवर घेऊन परत हालचाल बघायला बसले.

आणि तिथून ते सुरू झालं.

शुक्राणू कसे पोहतात हे मी रोज बघते. गर्दीत सोडलेल्या पोरांसारखे, वाट्टेल तिकडे. कुणी गोल, कुणी सरळ, कुणी एकमेकांवर आपटत. त्या थेंबात तसं नव्हतं. जे जिवंत होते ते सगळे एकाच बाजूला तोंड करून चालले होते. काठाला जाऊन थटत होते आणि तिथेच डोकं लावून शेपूट हलवत होते.

मी म्हटलं, थेंब वाहतोय, स्लाइड तिरकी असेल. पण थेंब वाहत असला तर मेलेलेही वाहत जातात. मेलेले जागच्या जागी पडून होते. फक्त जिवंतच जात होते. स्लाइड बदलली. तेच. एसी बंद केला. तेच. शेवटी मी स्लाइडच उलटी फिरवली, डावं टोक उजवीकडे. डोळे लावले. माझ्यासमोर ते सगळे हळूहळू... वळले. आणि परत त्याच बाजूला जायला लागले.

पण घाबरायला वेळ नव्हता.

मी रेश्माला बोलावलं. तिने बघितलं, मान वर केली, परत बघितलं. "अगं, हे सगळे कुठे चाललेत? मोर्चा आहे का?" तिचा आवाज काही मस्करीचा नव्हता.

मायक्रोस्कोपच्या दोन्ही बाजूंना आमच्या गरम प्लेट असतात. एका प्लेटवर एक डिश, दुसरीवर दुसरी. तोवर मी दोन्हींच्या तळाला, कडेला, पेनाने एक आणि दोन लिहून ठेवलं होतं. शुक्राणू डावीकडे जात होते, डावीकडे एक नंबर. म्हणजे एक नंबर? मी उठलेसुद्धा. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली की आमच्या मायक्रोस्कोपमधलं चित्र उलटं असतं. डावीकडे दिसतं ते खरं उजवीकडे असतं. फर्स्ट इयरच्या पोरांनाही माहीत असतं ते, आणि मी घाईत विसरले. ते उजवीकडे जात होते. दोन नंबरकडे.

मी रेश्माला म्हटलं, दोन नंबर उचल आणि माझ्या मागच्या टेबलावरच्या प्लेटवर नेऊन ठेव. मायक्रोस्कोपवरून डोळे मी काढले नाहीत. तिने डिश उचललेली मला झाकणाच्या आवाजावरून कळलं. थेंबात आधी सगळे जरा विस्कटले, दोन-चार क्षण नेहमीसारखे वाट्टेल तिकडे पळाले. मग एकेक करून तोंडं वळली. चित्रात वर गेले, माझ्याकडे पाठ करून. म्हणजे खरं माझ्याच दिशेने. माझ्यातून आरपार, मागच्या टेबलाकडे.

रेश्मा म्हणाली, "चल ना, आपण जाऊ इथून." तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी गेले नाही. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. माझ्या टेबलावर, माझ्या मायक्रोस्कोपखाली असलं काही होतं म्हणजे काय? मी ठरवलं, तपासायचं. शाळेत शिकवल्यासारखं, पायरी पायरीने.

पहिलं, गीरच्या बैलाची एक कांडी काढली, तयार केली, बघितली. ते सगळीकडे पोहत होते. अगदी नेहमीसारखे, निवांत. दुसरं, दोन्ही प्लेटचं तापमान मोजलं, कारण शुक्राणू उबेकडे जातात हे मला माहीत आहे. काट्याचाही फरक नव्हता. तिसरं, रेश्माला सांगितलं की दोन्ही डिश फॉइलने झाक, तुला पाहिजे तशा डाव्या-उजव्या ठेव, मला सांगू नको, कागदावर लिही. मी आयपीसला डोळे लावून फक्त बाजू सांगणार.

तीनदा केलं. बीजांडं बाहेर काढली की गार पडायला लागतात, म्हणून प्रत्येक वेळी एक मिनिट आणि परत इनक्युबेटर. तीनापेक्षा जास्त त्यांच्याशी खेळायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

"डावी," मी म्हटलं. मग "डावी". मग "उजवी".

रेश्माने कागद माझ्यापुढे धरला. तिन्ही वेळा दोन नंबर.

तीनदा बरोबर येणं म्हणजे नाणं तीनदा आपण म्हणू तसंच पडणं, आठात एकदा तसंही होतं. हे मला कळतं, कुणी शिकवू नका. पण नाणं तुमच्या डोळ्यांसमोर मान वळवून बघत नाही.

मी दोन नंबरच्या डिशमध्ये खंडूचं सोडलं. एक नंबरमध्ये गीरच्या बैलाचं. रजिस्टरमध्ये झाकणांची चूक लिहिली, डिश कशी निवडली तेही जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली, नावापुढे एमएससी लिहिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी ते पान वाचलं. हे फाडून दुसरं लिही म्हणाले. मी म्हटलं, सर, तुम्ही फाडा. त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी गीरवाल्या मालकालाही मीच फोन केला. तो खूप बोलला, मी ऐकून घेतलं, त्याची चूक नव्हती. त्याने आपले भ्रूण नको म्हणून सांगितलं. पुढे ते टाकून द्यावे लागले, ते माझ्यावर आहे.

आठवडाभराने खंडूच्या डिशमध्ये दोन भ्रूण तयार झाले. वाढवण्यापुरते लॅबच्या दोन वेगवेगळ्या गाईंमध्ये ठेवले. एक टिकला.

दिवस भरेपर्यंत मी काय काय विचार केले ते सांगत नाही. त्या काळात दर कामाच्या दिवशी मी एक थेंब जास्तीचा घेऊन बघायचे. वेगवेगळे बैल, वेगवेगळ्या गाई, डिश डावीकडे, डिश उजवीकडे. एकदाही तसं झालं नाही. सरही एक दिवस शेजारी येऊन बसले, म्हणाले, प्लास्टिकची स्टॅटिक, म्हणजे घासून आलेली वीज, असेल. आम्ही दोघांनी मिळून स्टॅटिक करून बघितली. काही नाही. खंडूची दुसरी कांडी कुठे मिळते का म्हणून त्या केंद्रातही विचारून आले. संपली होती.

कालवड झाली. थोडी मोठी झाल्यावर काकांनी तिला गोठ्यात नेलं. काकांचा फोन आला. मी स्कूटी काढली आणि कळव्याला गेले. गोदा आता थकलीय, पण उभी होती. कालवड तिच्या दावणीला, अंगावर काळे-पांढरे ठिपके. काकूंनी पेढा पुढे केला. मी म्हटलं, आधी काम. पाकीट काढलं आणि डीएनए तपासणीसाठी कालवडीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले, मग गोदाचे. खंडूच्या रक्ताचा नमुना त्या केंद्राकडे जपलेला होता.

काका बघतच राहिले. "अजून खात्री नाय तुला?"

"नाही," मी म्हटलं. "आणि रिपोर्ट येईपर्यंत तुम्हीही खरं धरू नका." पेढा मी तेव्हा खाल्ला नाही.

रिपोर्ट आला. आई गोदा. बाप खंडू. जुळतं.

तो कागद मी पोस्टाने पाठवला नाही, हातात नेऊन दिला. काकांचा थोरला मुलगा तिथेच होता. त्याने दोनदा वाचला, मग बिल्डरच्या माणसाला फोन लावून सांगितलं की मागची जागा राहू दे. एवढंच बोलला आणि आत गेला. काका त्या कागदावरून नुसता हात फिरवत बसले.

तेव्हा मी त्यांना बाकीचं सांगितलं. झाकणांचं त्यांना माहीत होतं, पण डिश कशी उचलली ते मी फोनवर सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं - वळलेली तोंडं, रेश्माचा कागद, सगळं. मला वाटलेलं, म्हातारा हात जोडेल, खंडूचा आत्मा वगैरे म्हणेल. ते तर चिडले. म्हणाले, म्हणजे तू तेवढ्यावर माझी गोदा टांगलीस? ते किडे उद्या भलतीकडे वळले असते तर? मी म्हटलं, हो, तर तेही मी येऊन सांगितलं असतं.

जरा वेळाने शांत झाले. कालवड माझी ओढणी चघळत होती. त्यांनी ती सोडवली आणि मला विचारलं, "पन ते वलले कशे?"

मी म्हटलं, काका, मला माहीत नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. पुस्तकात नाही. सरांना माहीत नाही. मी परत करून बघितलं, परत होत नाही."

मला वाटलं इथे विषय संपेल. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बाबा माझ्या प्रगतिपुस्तकातल्या लाल रेघेकडे बघायचे.

"मंग शोध ना," ते म्हणाले. "एवढी शिकलीस कशाला?"

शोधतेय. उद्या सकाळी परत दोन डिश आहेत. आजपर्यंत काहीच सापडलेलं नाही.